‘सुपरदोतादो’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

असामान्य बुद्धीच्या मुलाला स्पॅनिशमध्ये ‘सुपरदोतादो’ म्हणतात. लॅटिनमध्ये लग्नात मुलीसोबत दिलेल्या आंदणाला जो शब्द होता, त्यावरून स्पॅनिश ‘दोतादो’ आला: ज्याला निसर्गाकडून काही मिळालं आहे असा. ‘एन्डाउड’ त्याच मुळाचा, पण इंग्रजीत तो संस्थांच्या निधीकडे किंवा शरीराच्या ठेवणीकडे झुकतो, म्हणून बाद. उरतो ‘गिफ्टेड’, आणि त्यातही देणगीच आहे. १९२१ साली कॅलिफोर्नियात बुद्ध्यंक मोजून निवडलेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला, त्यानंतर हा शब्द शिक्षणक्षेत्रात पक्का झाला. १९७२च्या अमेरिकी सरकारी अहवालानं ‘टॅलेंटेड’सोबतची त्याची जोडी रूढ केली.

खरी अडचण ‘सुपर’ची. अनुवादकाला वाटतं, उपसर्ग आहे तर तो उतरायलाच हवा, आणि तो ‘हायली गिफ्टेड’ लिहून मोकळा होतो. पण इंग्रजीत ‘हायली’ आणि ‘प्रोफाउंडली’ या गिफ्टेडच्याही वरच्या पायऱ्या आहेत. स्पॅनिशमध्ये ‘सुपरदोतादो’साठी बुद्ध्यंकाची रूढ सीमा १३०, म्हणजे साध्या ‘गिफ्टेड’इतकीच. नुसतं ‘दोतादो’ म्हटलं तर ‘कशानं?’ हा प्रश्न उरतो. ‘सुपर’ लागल्यावर शब्द स्वतःच्या पायावर उभा राहतो. म्हणजे इथे ‘सुपर’चं काम शब्द पुरा करण्याचं आहे, पायरी वाढवण्याचं नाही. परदेशी शाळेला पाठवलेल्या अहवालात एक जादा ‘हायली’ पडला, तर त्या अपेक्षेचं ओझं मुलाला वाहावं लागतं. तो शब्द गाळावा, असंच माझं ठाम मत आहे.

स्पेनच्या कायद्यांनी गुंता वाढवला. १९९५च्या फर्मानात ‘सोब्रेदोतासिओन’, म्हणजे सुपरदोतादो असणं, आहे, २००२च्या कायद्यात ‘सुपरदोतादोस’, आणि २००६पासून ‘आल्तास कापासिदादेस’, म्हणजे उच्च क्षमता. मेक्सिकोत शाळांच्या भाषेत ‘आप्तितुदेस सोब्रेसालियेन्तेस’, उठून दिसणाऱ्या क्षमता, असं म्हणतात. स्पेनचा बदल वरवर पाहता सौम्य शब्द शोधण्याचा वाटतो, पण व्याप्तीही बदलली. ‘आल्तास कापासिदादेस’च्या छत्रीखाली सुपरदोतादो येतो, तसाच फक्त गणितात किंवा फक्त भाषेत असामान्य असलेला मुलगाही येतो. दोन्हींना सरसकट ‘गिफ्टेड’ लिहिलं, तर त्या गणितातल्या मुलाला मूळ अहवालानं न दिलेली ओळख मिळते. नव्या शब्दाला ‘हाय अबिलिटी’च लिहावं आणि ‘गिफ्टेड’ जुन्यासाठी राखून ठेवावा.