मोठे कचरानिर्माते

मोठे कचरानिर्माते : ज्या आस्थापना, कार्यालये, संस्था व वसाहती रोज ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घनकचरा निर्माण करतात आणि त्यामुळे ज्यांच्यावर तो वेगवेगळा साठवण्याचे, ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करण्याचे व सुका कचरा पुनर्चक्रणासाठी सोपवण्याचे बंधन कायद्याने येते, अशांचा वर्ग. महापालिकांच्या व्यवहारात ‘बल्क जनरेटर’ हाच शब्द रुळला आहे. रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा, कारखान्यांचा घातक कचरा, ई-कचरा आणि बांधकामाचा राडारोडा यांना स्वतंत्र नियम असल्याने ते या नोंदीच्या कक्षेबाहेर आहेत.

उगम : या बंधनाचा उगम नेमका कोठे शोधावा याबाबत एकमत नाही. कायद्याच्या अंगाने पाहणारे १८८८च्या मुंबई महापालिका अधिनियमापर्यंत मागे जातात. घरमालक व भोगवटादार यांनी कचरा गोळा करून नेमलेल्या जागी टाकावा, असे कर्तव्य त्यात आहे. मात्र महापालिकेने गोळा केलेला कचरा ही महापालिकेची मालमत्ता, असेही तोच कायदा सांगतो. म्हणजे कचरा आवाराबाहेर गेला की मालकाची जबाबदारी संपत असे. आजच्या बंधनाचा गाभा याच्या नेमका उलट असल्याने हा दुवा फार ताणू नये.

दुसरे मत सर्वोच्च न्यायालयातील अलमित्रा पटेल यांच्या जनहित याचिकेला (१९९६) उगमस्थान मानते. त्या प्रकरणात नेमलेल्या असीम बर्मन समितीने मार्च १९९९ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून २००० सालचे नागरी घनकचरा नियम आले. पण त्या नियमांत मुख्य भार नगरपालिका-महापालिकांवर होता. हॉटेले, कार्यालये व बाजार यांचा उल्लेख कचरा ‘उचलण्याची’ ठिकाणे म्हणून येतो, कर्तव्य असलेले घटक म्हणून जवळजवळ येत नाही.

तिसरे मत शहरांतील प्रत्यक्ष प्रयोगांना महत्त्व देते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनसारख्या ठिकाणी रहिवाशांनी ओला-सुका कचरा वेगळा करायला सुरुवात केली आणि मुंबई महापालिकेची ‘एएलएम’ (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे रहिवाशांच्या सहभागाने वस्तीची व्यवस्था पाहण्याची) योजना आकाराला आली. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून कचरा मुळातच वेगळा मिळावा अशी मागणी करत होती. बंगळुरूमध्ये २०१२ साली मावळ्ळीपुरा येथील कचराभूमी बंद झाल्यावर महापालिकेने मोठ्या गृहसंकुलांना व व्यापारी आस्थापनांना आपली व्यवस्था आपणच करायला सांगितले. कायद्याची भाषा न्यायालयाकडून आली, पण तिच्यातला आशय या शहरांनी पुरवला, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

व्याख्या : ८ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत हा वर्ग देशपातळीवर स्पष्टपणे मांडला गेला. सरकारी विभाग, सार्वजनिक उपक्रम, खासगी कंपन्या, रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, वसतिगृहे, हॉटेले, व्यापारी आस्थापना, बाजार, प्रार्थनास्थळे, क्रीडासंकुले इत्यादींपैकी ज्यांचा कचरा दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त, ते मोठे कचरानिर्माते. कचरा किती दिवसांच्या सरासरीने मोजायचा हे व्याख्येत नाही. रोज सारखाच कचरा करणाऱ्या उपाहारगृहाला त्याने फरक पडत नाही. लग्नसराईत भरणाऱ्या आणि चातुर्मासात रिकाम्या राहणाऱ्या मंगल कार्यालयाला मात्र पडतो. वर्षाची सरासरी धरली तर ते मर्यादेखाली जाऊ शकते, हंगामाची धरली तर सहज वर येते.

याहून मोठा वाद गृहनिर्माण संस्थांचा. त्या वरील यादीत नावाने नाहीत. यादी समावेशक शब्दांत असल्याने त्या तीत येतात, असे काहींचे म्हणणे. दुसऱ्या वाचनानुसार त्यांचे कर्तव्य व्याख्येतून येत नसून चौथ्या नियमातून येते. रहिवासी संघटना, बाजार संघटना, ५,००० चौ. मी. पेक्षा मोठ्या बंदिस्त वसाहती व संस्था, तसेच सर्व हॉटेले-उपाहारगृहे यांनी एका वर्षात वर्गीकरण व शक्य तितकी प्रक्रिया सुरू करावी, असे तो नियम सांगतो. दुसरे वाचन अधिक नेमके वाटते. कारण तसे मानले की हॉटेलाला किंवा सोसायटीला ‘आमचा कचरा नव्वद किलोच’ हा बचाव उरत नाही. मुंबई महापालिकेने मात्र २०१७ मध्ये २०,००० चौ. मी. पेक्षा मोठी संकुले किंवा १०० किलोपेक्षा जास्त कचरा ही कसोटी लावून २ ऑक्टोबर २०१७ ही मुदत दिली. माणशी रोज साधारण अर्धा किलो कचरा धरल्यास १०० किलो म्हणजे चौघांची सुमारे पन्नास कुटुंबे होतात.

जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झालेल्या व १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या नियमांनी हा घोळ बराच निस्तरला आहे. २०,००० चौ. मी. वा अधिक बांधीव क्षेत्र, रोज ४०,००० लिटर वा अधिक पाणीवापर, किंवा रोज १०० किलो वा अधिक कचरा, यांपैकी एक निकष पुरेसा असून निवासी संकुलांचा उल्लेख स्पष्ट आहे. पाण्याचा निकष विशेष महत्त्वाचा, कारण पाण्याला मीटर असतो. कचऱ्याचे वजन आजवर बहुधा निर्मात्याच्याच तोंडून कळत आले. वर्गीकरणही तीनाऐवजी चार प्रकारांत आहे : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. आवारात प्रक्रिया शक्य नसेल तर त्याबद्दल प्रमाणपत्र घेण्याची तरतूद आहे.

ओल्या कचऱ्यावरील प्रक्रिया : कंपोस्ट खत नीट होण्यासाठी कर्ब-नत्र गुणोत्तर (कार्बन व नायट्रोजन यांचे परस्पर प्रमाण) आरंभी २५ ते ३० आणि ओलावा ५० ते ६० टक्के असावा लागतो. हॉटेलच्या खरकट्यात नत्र व पाणी दोन्ही जास्त, म्हणून त्यात भुसा, कोकोपीट किंवा वाळलेला पाला मिसळतात. हे न केल्यास हवा खेळत नाही, दुर्गंधी सुटते, शेजारी तक्रार करतात आणि यंत्र बंद पडते. २४ तासांत खत देणारी म्हणून विकली जाणारी यंत्रे प्रत्यक्षात कचरा दळून वाळवतात. त्यांतून निघालेला माल आणखी काही आठवडे मुरू द्यावा लागतो. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टचे कर्ब-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी हवे. वाळवलेला भुगा या कसोटीला उतरतोच असे नाही, आणि तो मुळांशी घातल्यास झाडांना अपाय होतो. उपाहारगृहे व वसतिगृहांना बायोगॅस अनेकदा अधिक सोयीचा. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीचे संयंत्र माथेरानसारख्या ठिकाणीही उभारले गेले.

सुका कचरा : कायद्यातील ‘पुनर्चक्रण’ प्रत्यक्षात घडते ते कचरावेचक, भंगारवाले व रद्दीवाले यांच्या साखळीतून. पुठ्ठा, पीईटी बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा यांना भाव असतो. बहुथरी वेष्टनांना (प्लास्टिक, धातू यांचे थर एकत्र चिकटवलेल्या पाकिटांना) नसतो, आणि बंधन असूनही तो माल पडून राहतो. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. २०१६च्या नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. मात्र मोठ्या निर्मात्यांचा सुका माल सरसकट ठेकेदारांकडे वळला तर हातगाडीवर पोट भरणाऱ्यांच्या हातून सर्वांत चांगला माल जातो. या बाजूकडे नियमांच्या चर्चेत फार कमी लक्ष दिले गेले आहे, आणि ही उणीव गंभीर आहे.

अंमलबजावणी : महाराष्ट्रात या विषयाला धार आली ती देवनार कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीनंतर. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील नव्या बांधकाम परवानग्यांवर निर्बंध घातले. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सशर्त शिथिल केले. पुण्यात उरुळी देवाची व फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी तेथील कचराभूमीला केलेल्या दीर्घ विरोधाने असाच दबाव निर्माण केला. नियमभंगाला पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली पूर्वी कैदेची तरतूद होती. २०२३च्या जनविश्वास अधिनियमाने तिच्या जागी आर्थिक दंड आणला. महापालिका मुख्यतः नोटिसा, दंड व मालमत्ता करातील सवलत यांवर भिस्त ठेवतात. गोव्यात पणजी महापालिकेने कचऱ्याचे बारीक वर्गीकरण केले असून साळगाव येथे २०१६ पासून मध्यवर्ती प्रकल्प चालू आहे.

इतर देश : कॅलिफोर्नियात जुलै २०१२ पासून आठवड्याला चार घनयार्ड वा अधिक कचरा करणाऱ्या व्यवसायांना पुनर्चक्रण सक्तीचे आहे. स्कॉटलंडने १ जानेवारी २०१४ पासून व्यवसायांवर वर्गीकरण बंधनकारक केले. वेल्समध्ये ते एप्रिल २०२४ पासून, तर इंग्लंडमध्ये दहा वा अधिक कर्मचारी (पूर्णवेळ कामाच्या हिशेबाने मोजलेले) असलेल्या आस्थापनांच्या कार्यस्थळांवर ३१ मार्च २०२५ पासून लागू झाले. इंग्लंडची ही मर्यादा कचऱ्याच्या वजनावर नसून कर्मचारीसंख्येवर आहे.