मधुमेह आणि स्वादुपिंडातील कर्कपूर्व वाढी

स्वादुपिंडात अजून कर्करोग झालेला नाही, पण पुढे तो होऊ शकेल, अशा पेशींच्या वाढींना कर्कपूर्व वाढी म्हणतात. मधुमेहाशी त्यांचे नाते दोन्ही बाजूंनी आहे. जुन्या मधुमेहात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका साधारण दीडपट ते दुप्पट आढळतो; उलट काही रुग्णांत स्वादुपिंडाचा बिघाड आधी असतो आणि त्यातून मधुमेह उद्भवतो.

या वाढींतल्या ‘पॅनइन’ (स्वादुपिंडातला पाचक रस वाहून नेणाऱ्या नलिकांच्या अस्तरातल्या सूक्ष्म वाढी) 5 मिमीपेक्षाही लहान असतात, त्यामुळे स्कॅनमध्ये दिसत नाहीत. ‘आयपीएमएन’ (याच नलिकांत वाढणारी, स्राव सोडणारी गाठ) मात्र दिसते. जपानमध्ये 1982 साली प्रथम वर्णिलेल्या या वाढीत नलिकेच्या अस्तरातून चिकट स्राव सुटतो, नलिका तुंबून फुगते आणि मागची ग्रंथी हळूहळू सुकते. तिच्याबरोबर इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीही कमी होतात. मुख्य नलिका 5 ते 9 मिमी रुंद झाली तर ती काळजीची खूण, 10 मिमी किंवा अधिक असेल तर शस्त्रक्रियेचा विचार. 2024 च्या क्योटो मार्गदर्शिकेने गेल्या वर्षभरात नव्याने झालेला किंवा अचानक बिघडलेला मधुमेहही काळजीच्या खुणांत धरला आहे.

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागात ‘शुगर निघाली’ हे घरोघरी ऐकू येते. त्यातल्या बहुतेकांचा या वाढींशी काही संबंध नसतो. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या शंभरांपैकी साधारण एकालाच तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग आढळतो. म्हणून प्रत्येकाचा स्कॅन करणे योग्य ठरत नाही. पण पन्नाशी उलटलेल्या, अंगाने बारीक माणसाची साखर अचानक वाढली आणि वजनही उतरू लागले, तर तिथे थांबून विचार करायलाच हवा. कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) बंद केला, भात कमी केला, म्हणून वजन उतरले असे घरचे समाधानाने सांगतात. ही समजूत महागात पडू शकते. त्यात पाठीकडे जाणारे पोटदुखणे किंवा कावीळ असेल तर उशीर करूच नये.

निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात विडी नवी नाही. धूम्रपान हे स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे, आणि मधुमेही माणसाने ते सोडणे हा यातला सर्वांत हाती असलेला उपाय.

पोटातल्या वायूमुळे साध्या सोनोग्राफीत स्वादुपिंड पुष्कळदा नीट दिसत नाही. एमआरआय किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) अधिक उपयोगी. आयपीएमएन सापडली की वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते, आणि गाठ वाढली की नाही हे जुन्या चित्राशी ताडूनच कळते. सीमाभागातला रुग्ण आज बेळगावला, उद्या कोल्हापूर-मिरजेला दाखवतो. अशा वेळी नुसता कागदी अहवाल पुरत नाही, स्कॅनची सीडी व फिल्मही सोबत न्यावी लागते. स्वादुपिंडाचा भाग काढल्यावर उरलेल्या भागात नवी वाढ होऊ शकते, म्हणून तपासण्या पुढेही चालू राहतात. संपूर्ण ग्रंथी काढली तर इन्सुलिन आणि पाचक गोळ्या कायमच्या लागतात.