किती सापडलं आणि मुळात का सापडलं: आयात मालातल्या अवशेषांचे दोन प्रकार

परदेशातून आलेला माल बंदरावर अडवला की बातमी ठरलेली असते: ‘घातक अवशेष सापडले.’ तपासणी अहवालात मात्र यामागे दोन निराळ्या गोष्टी असू शकतात. परवानगी असलेलं रसायन मर्यादेबाहेर गेलेलं असतं, नाहीतर जे वापरायचंच नाही ते वापरलेलं असतं.

पहिल्या प्रकारात प्रश्न ‘किती’चा. कीटकनाशक नियमानुसार फवारलं तर पिकात किती उरतं, हे शेतातल्या चाचण्यांत मोजतात. तेवढं पोटात जाणं सुरक्षित आहे ना हे पडताळतात आणि मग कमाल अवशेष मर्यादा, म्हणजे एमआरएल, ठरवतात. रोजची सुरक्षित मात्रा काढताना प्राण्यांमध्ये अपाय न दिसलेली मात्रा सहसा १०० ने भागलेली असते. त्यामुळे मर्यादा ओलांडणं हा नियमभंग खरा, पण खाणारा लगेच आजारी पडेल असं नाही. फवारणी जास्त झालेली असते किंवा फवारणीनंतर काढणीची घाई. युरोपीय संघात ज्या कीटकनाशकाला त्या पिकासाठी वेगळी मर्यादा नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. अपाय कुठे सुरू होतो हे त्या आकड्यावरून कळत नाही, तरी तो ओलांडला की मथळ्यात ‘विष’ येतंच.

दुसऱ्या प्रकारात प्रश्न ‘का’चा. क्लोरँफेनिकॉल या प्रतिजैविकामुळे क्वचित एखाद्याच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होणं थांबतं. मात्रा कमी असली तरी हा धोका टळतो असं म्हणता येत नाही, म्हणून सुरक्षित मर्यादाच ठरवता आलेली नाही आणि युरोपीय संघात खाण्यासाठीच्या जनावरांना ते द्यायलाच बंदी आहे. हे औषध कोळंबीसारख्या मालात सापडल्यावर युरोपीय संघानं जानेवारी २००२ मध्ये चीनमधल्या बहुतेक प्राणिजन्य मालाची आयात थांबवली.

अशीच बंदी असलेली नायट्रोफ्युरान गटातली जंतुनाशक औषधं त्याहून चलाख. मूळ औषध जनावराच्या शरीरातून काही तासांत नाहीसं होतं, पण त्याचे तुकडे मांसातल्या प्रथिनांना आठवडेच्या आठवडे चिकटून राहतात. प्रयोगशाळा शोधते ते हे तुकडे. त्यातही गोची आहे: यांपैकी सेमिकार्बाझाइड हा तुकडा बरण्यांच्या झाकणातल्या सीलमधूनही अन्नात उतरू शकतो, औषधाचा थेंबही न वापरता. बंदी असलेल्या औषधाचा अंश ‘शून्य’ हवा, पण हे ‘शून्य’ही शेवटी यंत्राला दिसेल तिथपर्यंतच असतं. क्लोरँफेनिकॉलसाठी युरोपनं कारवाईचा आकडा किलोमागे ०.१५ मायक्रोग्रॅम ठेवलाय.

काही वेळा दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळतात. २०२० मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं. साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जिवाणू मारायला वापरतात तो हा वायू. युरोपात अन्नावर त्याच्या वापराला बंदी, तरी तिळासाठी कागदावर मर्यादा आहे: किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. अमेरिकेत मात्र त्याच तिळावर तो वापरायची परवानगी आहे आणि मर्यादा ७ मिलिग्रॅम. म्हणजे किलोमागे ३ मिलिग्रॅम अवशेष असलेलं पोतं एका बंदरात बंदीचा माल ठरेल, दुसऱ्यात बिनदिक्कत पास होईल.