घाटात पिकअपचं इंजिन कशावर तरंगतं?

माझा एक मावसभाऊ नारायणगावातून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटानं वाशीला जातो. येताना कल्याणकडून फरशी, सिमेंट, हार्डवेअर, जो माल मिळेल तो भरतो आणि तोच घाट चढून परत येतो. परवा त्याचा गॅरेजमधून फोन आला. "दादा, मिस्त्री म्हणतोय गाडी लोड मारते, तर १५-४० ऑइल काढून २०-५० टाकू. जाड ऑइल इंजिनाला जपतं. टाकू का?"

मी म्हटलं, आधी गेज, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, ओढून बघ. त्यानं बघितलं आणि खुशीत सांगितलं, "वरच्या खुणेच्याही वर आहे की! आपली गाडी ऑइल खात नाही, उलट वाढलंय." हे ऐकून मला धडकी भरली. का, ते पुढे सांगतो. पण त्यासाठी आधी ऑइल इंजिनात नेमकं काय करतं हे समजून घ्यायला हवं, आणि मला विचाराल तर अख्ख्या गाडीत याहून सुंदर भौतिकशास्त्र दुसरं नाही.

वंगण म्हटलं की वाटतं, तेल निसरडं असतं म्हणून लोखंडावर लोखंड सरकतं. पण फिरत्या क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याला, उचलून धरतो तो तेलाचा चिकटपणा. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर (Beauchamp Tower) नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेरिंगवर, म्हणजे आस ज्याला टेकून फिरतो त्या गुळगुळीत कवचावर, प्रयोग करत होता. आस खालून तेलात बुडालेला, वरून पितळी बेरिंगवर वजन दिलेलं. तेल घालण्यासाठी त्यानं बेरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरताना त्या भोकातून तेल उलटं वर येऊ लागलं. त्यानं बूच मारलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही तेलानं बाहेर ढकलली. शेवटी त्यानं तिथं दाबमापक लावला. बेरिंगवरच्या वजनाचा सरासरी दाब चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि तेलाचा दाब गेला २०० च्या वर! म्हणजे वजन धातूवर टेकलेलंच नव्हतं. अख्खा भार तेलाच्या थरावर तरंगत होता, आणि तिथं पंप वगैरे काहीही नव्हतं.

मग हा दाब आला कुठून? १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. क्रँक बेरिंगमध्ये अगदी मध्यावर बसत नाही, भारामुळे किंचित एका बाजूला सरकतो. त्यामुळे भोवतालची फट एकीकडे रुंद आणि एकीकडे अरुंद, निमुळती होते. तेलाचा सगळ्यात आतला थर फिरत्या क्रँकला चिकटलेला असतो, तो क्रँकबरोबर ओढला जातो आणि शेजारच्या थरालाही ओढतो. असं ओढत आणलेलं तेल निमुळत्या फटीत शिरतं. जितकं आत येतं तितकं पुढे जायला जागा नसते, म्हणून दाब चढतो. ओंडका फोडताना लाकडात पाचर ठोकतात ना, तशी ही तेलाची पाचर क्रँक आणि बेरिंग यांच्यामध्ये ठोकली जाते, दर फेऱ्याला, सतत. घरी बघायचं असेल तर पत्त्याचं नवं पान गुळगुळीत काचेवर सरकवा. तिथं पाचर हवेची असते, म्हणून पान तरंगत लांब जातं.

पिकअपच्या पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगमध्ये भर लोडला ही पाचर सगळ्यात पातळ असते तिथं जेमतेम एखाद मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची, उरते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. आणि तेवढ्याशा थरावर हवेच्या दाबाच्या शेकडो पट दाब येत असतो.

पाचरीची जाडी मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: तेलाची श्यानता, म्हणजे चिकटपणा, फिरण्याचा वेग, आणि भार. पहिल्या दोन वाढल्या की थर जाड होतो, भार वाढला की पातळ. यातून निघणारी एक गोष्ट प्रत्येक ड्रायव्हरनं लक्षात ठेवावी. डिझेल वाचेल म्हणून घाटात वरच्या गिअरला गाडी कुथत चढवतात, तेव्हा वेग कमी आणि भार पूर्ण, म्हणजे पाचर सगळ्यात पातळ. गिअर खाली टाका, इंजिनाला मोकळं फिरू द्या.

मग मिस्त्री बरोबरच म्हणत होता की, चिकटपणा वाढवला तर थर जाड! निम्मं बरोबर. पण जाड तेल घुसळताना उष्णता जास्त होते, आणि तापलेलं तेल पुन्हा पातळ होतं. शिवाय ऑइल पंपाला दाबाची मर्यादा असते. पहाटे गार, जाड तेल ढकलताना दाब पटकन चढतो, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बरंचसं तेल बेरिंगकडे न जाता परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, पडतं. दाब छान दिसतो, पण तेल पोचत नाही. इंजिनात जादा हवा भरणारा, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा टर्बो तोवर वाट बघत बसलेला असतो.

आता डब्यावरचे आकडे. १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. १५ म्हणजे १५ अंश नव्हेत, ती गारठ्यातल्या वागण्याची श्रेणी आहे. हे तेल उणे २० अंशांवर तपासतात. ४० ही १०० अंशांवरची श्रेणी, तिथं श्यानता १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक (हे श्यानतेचं माप) या पट्ट्यात हवी. २० अंशांचं पाणी असतं १ सेंटीस्टोक. हेच १५डब्ल्यू-४० तेल ४० अंशांवर साधारण १०५ ते ११० भरतं. तापल्यावर याहूनही जास्त पातळ होऊ नये म्हणून त्यात लांब साखळ्यांचे पॉलिमर घालतात. गार तेलात हे रेणू गुंडाळून बसतात, गरम झाले की पसरून तेलाला अडवतात. मात्र बेरिंगमध्ये ते चिरडतात, तुटतात, आणि हजारो किलोमीटरनंतर तेल उतरतं त्याचं हे एक कारण. गाडी सुरू होताना पाचर तयारच नसते, तेव्हा जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक रसायन धातूवर काचेसारखा थर धरतं, मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका. तेलाच्या डब्यात एवढं सगळं आधीच असतं. म्हणून वरून ओतायच्या 'मायलेज वाढवणाऱ्या' बाटल्यांवर पैसे घालू नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९९० च्या दशकात अशा दाव्यांवर कारवाई केली होती, कारण दाव्यांना आधार नव्हता.

आणि काळं ऑइल म्हणजे खराब ऑइल, हा समज काढूनच टाका. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण ते काजळीचे कण सुटे-सुटे धरून ठेवतं, त्यांचा गाळ होऊ देत नाही. ते त्याचं कामच आहे. दोन बोटांत चोळून ऑइलची जात कुणालाही कळत नाही.

आता भावाच्या 'वाढलेल्या' ऑइलकडे येतो. त्याची गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतली, आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो भरला की आतली काजळी जाळावी लागते, आणि त्यासाठी बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल उशिरानं फवारतात. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून चेंबरमध्ये उतरतं. लांबच्या पल्ल्यात ते बरंचसं उडून जातं. पण गेले दोन महिने भाव वाशीला गेलाच नव्हता. शेत ते बाजार, बाजार ते शेत, पाच-सात किलोमीटरच्या खेपा. जाळणं दर वेळी अर्धवट राहिलं, आणि ऑइलमध्ये डिझेल साठत गेलं. ४० अंशांवर डिझेलची श्यानता असते २ ते ४.५ सेंटीस्टोक. शंभरीच्या तेलात ते मिसळल्यावर पाचरीचं काय होणार!

मी गॅरेजवर गेलो. इंजिन थोडं गरम करून, गाडी सपाटीला लावून मिस्त्रीनं चेंबरचा नट काढला. धार पाण्यासारखी पातळ पडली आणि डिझेलचा वास सगळीकडे पसरला. मिस्त्रीनं वाकून वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि जाड ऑइलचा डबा स्वतःच बाजूला ठेवला. नवा फिल्टर, नवा वायसर, आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच: १५डब्ल्यू-४०, एपीआय सीके-४. हा सीके-४, म्हणजे तेलाच्या दर्जाची खूण, १५डब्ल्यू-४० या ग्रेडइतकाच महत्त्वाचा. जुन्या सीआय-४ तेलात राख जास्त असू शकते. काजळी जळते, राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची बसते. सीके-४ मध्ये राखेला १ टक्क्याची मर्यादा आहे. ओततानाही खुणेच्या वर नाही. क्रँक तेलात आपटला तर फेस होतो, आणि फेसाची पाचर भार झेलत नाही.

निघालेलं ऑइल भाऊ घरी नेणार होता, टोमॅटोच्या बांबूंची टोकं बुडवायला, वाळवी लागू नये म्हणून. आमच्याकडे सगळेच करतात. मी हात जोडून त्याला थांबवलं. त्या काळ्या तेलात कर्करोगकारक संयुगं असतात, धातू असतात, आणि ते बांबू ज्या मातीत रोवायचे तिथंच आपलं पीक उभं राहतं. कायद्यानंही तो घातक कचरा आहे. खरं तर त्यातलं मूळ तेल संपलेलं नसतं. काजळी, डिझेल आणि तुटलेले पॉलिमर काढून टाकले की त्यापासून पुन्हा वंगणाचं तेल करता येतं. मिस्त्रीनं कोपऱ्यातला झाकणाचा ड्रम दाखवला, अधिकृत गोळा करणाऱ्यासाठी ठेवलेला. भावानं कॅन त्यात उपडा केला, गेज पुसलं, पुन्हा घातलं, ओढलं आणि उजेडात धरलं. दोन खुणांच्या मधोमध, मधासारखं.