छोटी लाल पावलं

'सैराट' मी पाहिला २०१६च्या उन्हाळ्यात, रात्रीच्या खेळाला. मध्यंतरापर्यंत लोक खुर्च्यांमधल्या वाटेत नाचत होते, पडद्याकडे चिल्लर उडत होती. शेवटी दिवे लागले तेव्हा मात्र कुणी उठेना. बाहेर स्टँडवरून गाड्या काढतानाही माणसं दबक्या आवाजात बोलत होती.

जवळजवळ तीन तासांचा सिनेमा. त्यातली गाणी मला आठवतात, विहीर आठवते, पण आठवायचं म्हटलं तर. न बोलावता येतं ते एकच दृश्य. आईबापाचे मृतदेह पाहून घराबाहेर निघालेलं ते दुडदुडं मूल, फरशीवर उमटत गेलेली त्याची लाल पावलं, आणि त्याचं रडणं. भांडी घासताना येतं, सिग्नलला उभं असताना येतं. इतकी वर्षं झाली, येतंच.

मराठीत आपण आठवण 'काढतो' आणि आठवण 'येते'. क्रियापदं दोन, आणि त्यांत आपण सहसा गल्लत करत नाही. विज्ञानाला मात्र या दोन गोष्टी प्रयोगात वेगळ्या करून दाखवायला बराच वेळ लागला. त्या कामात मोठा वाटा सिनेमाच्याच तुकड्यांचा आहे.

आधी अंगाचं बघू, कारण सुरुवात तिथूनच होते. मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, बदामाच्या आकाराचा एकेक भाग असतो. त्याला अ‍ॅमिग्डला म्हणतात. समोर साप आहे की दोरी, याचा निवाडा व्हायच्या आत तो अंगाला कामाला लावतो. छाती धडधडते, तळहात ओले होतात, रक्तात अ‍ॅड्रिनलिन उतरतं. समोरचा साप पडद्यावरचा आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, पण ते ठाऊक असणारा मेंदूचा भाग वेगळा, आणि तो जरा सावकाश चालतो. २०१५ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या संशोधकांनी तर भयपटानं खरोखर रक्त गोठतं का, हेच तपासलं. २४ जणांना एक भयपट आणि एक माहितीपट दाखवला, आधी आणि नंतर रक्त काढलं. भयपटानंतर रक्त साकळायला मदत करणारा एक घटक बऱ्याच जणांत वाढलेला निघाला. प्रत्यक्ष गुठळी कुणाच्याच रक्तात झाली नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात हा निबंध आला. नाताळात ते गमतीचे विषय घेतात, पण मोजमाप खरंच असतं.

ही अंगाची खळबळ आठवणीवरही काम करते. कॅलिफोर्नियात लॅरी काहिल आणि जेम्स मॅकगॉ यांनी १९९४मध्ये केलेला प्रयोग मला यासाठी आवडतो. स्वयंसेवकांना चित्रांच्या मालिकेतून एक गोष्ट दाखवली. मुलगा आईबरोबर रस्त्यानं जातोय, वाटेत अपघात होतो, त्याचे पाय तुटतात, शल्यविशारद ते पुन्हा जोडतात. (तिथेही पायच. योगायोग.) निम्म्या लोकांना आधी प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं हे औषध अ‍ॅड्रिनलिनचा परिणाम अडवतं. बाकीच्यांना औषध नसलेली नुसतीच गोळी. आठवड्यानं विचारलं, तेव्हा नुसती गोळी घेतलेल्यांना गोष्टीतला अपघाताचा भाग सगळ्यांत ठसठशीत आठवत होता. औषध घेतलेल्यांना तो इतर साध्या भागांइतकाच आठवला. म्हणजे मन हललं की ठसा खोल उमटतो, तो बराचसा या रसायनामुळे.

पण यानं एवढंच कळतं की लक्षात का राहतं. सिग्नलला उभं असताना का येतं?

ब्रिटिश मानसतज्ज्ञ ख्रिस ब्रूइन यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९६मध्ये एक कल्पना मांडली. धक्कादायक प्रसंगाची नोंद आपण एका नव्हे, दोन वह्यांत करतो. एका वहीत शब्द असतात. काय झालं, कुठे, कशानंतर काय. ही वही आपण हवी तेव्हा उघडतो. दुसऱ्या वहीत नुसतं दिसलेलं, ऐकलेलं, अंगाला जाणवलेलं असतं. तिला पानांचे क्रमांक नाहीत, तारीख नाही. ती आपल्या हातानं उघडत नाही. लाल रंगाचा ओघळ, फरशीवरची ओली पावलं, असलं काही दिसलं की ती आपसूक उघडते, आणि तारीखच नसल्यानं आतलं सगळं आत्ता घडतंय असं वाटतं.

कल्पना छान, पण खरी कशावरून? माणसांना प्रयोगासाठी अपघातात ढकलता येत नाही. सिनेमा दाखवता येतो. ही युक्ती जुनी आहे. १९६०च्या दशकात बर्कलीला रिचर्ड लॅझारस यांनी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या एका वेदनादायक विधीचं चित्रण विद्यार्थ्यांना दाखवलं. चित्र सगळ्यांना तेच, निवेदन मात्र गटागणिक वेगळं. एका निवेदनात वेदनेवर भर, दुसऱ्यात 'यात फारसं दुखत नाही' असा सूर, तिसऱ्यात मानववंशशास्त्राचा कोरडा पाठ. कातडीवरच्या घामाच्या मोजमापात फरक पडला. दिलासा देणाऱ्या आणि कोरड्या निवेदनांनी अंगाची खळबळ कमी झाली.

खरी गंमत पुढची. २००९मध्ये ऑक्सफर्डला एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० जणांना १२ मिनिटांची फिल्म दाखवली. त्यात गंभीर जखमा, मृत्यू असं सगळं होतं. अर्ध्या तासानं निम्म्यांना १० मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं. टेट्रिस म्हणजे आपला ब्रिक गेम. नव्वदच्या दशकात जत्रेत, एसटी स्टँडवर मिळायचा, वरून पडणारे ठोकळे फिरवून ओळीत बसवायचे, तोच. बाकीचे नुसते बसून राहिले. मग आठवडाभर सगळ्यांना रोजनिशी दिली. फिल्ममधलं काही न बोलावता डोळ्यांसमोर आलं की लिहून ठेवायचं.

ठोकळे खेळलेल्यांच्या रोजनिशीत नोंदी बऱ्याच कमी निघाल्या. आठवड्याअखेर फिल्मवर परीक्षा घेतली, तेव्हा मात्र दोन्ही गटांना सारखंच आठवत होतं. काढलेली आठवण शाबूत, आलेली आठवण कमी.

याचं कारण साधं आहे. मनात चित्रं हाताळायला जागा थोडीच असते. आठवण पक्की व्हायला काही तास लागतात आणि त्या काळात ती ओल्या मातीसारखी असते. तेवढ्यात ठोकळे फिरवण्यात ती जागा अडकवली, तर चित्राचा ठसा पुरता उमटत नाही. मग कुठलंही काम चाललं असतं का? होम्स यांनीच पुढच्या वर्षी ते तपासलं. या वेळी एका गटाला टेट्रिस, एका गटाला सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा. प्रश्नमंजूषेत डोकं गुंतलं, पण शब्दांत गुंतलं. त्या गटाला दृश्यं कमी तर दिसली नाहीतच, काहीच न करणाऱ्यांपेक्षा जास्त दिसली. हे वाचल्यापासून सिनेमा संपल्या संपल्या कटिंगवर तासभर चर्चा झोडण्याच्या माझ्या सवयीकडे मी जरा संशयानं बघतो. सवय सुटलेली नाही.

हे प्रयोगशाळेतच राहिलं नाही. ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात वाहन अपघातानंतर आलेल्या ७१ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांवर सहा तासांच्या आत हाच उपाय करून पाहिला. २०१७मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या आठवड्यात अपघाताची नको असलेली दृश्यं त्यांना बाकीच्यांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी.

'विचारच करू नकोस' हा घरगुती सल्ला मात्र निकामी. औषध घेताना माकड मनात आणू नकोस, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. डॅनियल वेग्नर यांनी १९८७मध्ये माकडाच्या जागी पांढरं अस्वल घेतलं आणि तेच सिद्ध केलं. आधी दाबून ठेवायला सांगितलेलं अस्वल, मोकळीक मिळाल्यावर जास्तच वेळा आलं.

लहानपणी लागलेली भीती तर वेगळंच प्रकरण. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. टीव्हीवर भुताचं काही लागलं की त्या रात्री टमरेल घेऊन आम्ही जोडीनं जायचो, आणि आतला बाहेरच्याला दर दहा सेकंदांनी 'आहेस ना?' विचारायचा. विस्कॉन्सिन विद्यापीठात जोॲन कँटर यांनी अशा आठवणी वर्षानुवर्षं गोळा केल्या. १९९९च्या अभ्यासात सुमारे चौथा हिस्सा विद्यार्थ्यांच्या मनात, लहानपणी किंवा पौगंडावस्थेत पाहिलेल्या सिनेमाची भीती अजून शिल्लक होती. समुद्रातल्या शार्कचा सिनेमा पाहून काही जण तळ्यात आणि पोहण्याच्या तलावातसुद्धा उतरायला घाबरत. तलावात शार्क नसतो हे शब्दांच्या वहीत लिहिलेलं असतं, चित्रांच्या नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला 'अरे, ते खोटं असतं' सांगून फारसं काही होत नाही तेही यामुळेच. त्या वयात जे दिसतं तेच खरं. मांडीवर घेतलं, दूध दिलं, तर उपयोग होतो.

एकदा पक्की झालेली आठवणही कायमची कडक राहत नाही. होम्स यांच्या गटानं २०१५मध्ये फिल्म दाखवल्यावर २४ तास जाऊ दिले. मग तिच्यातली काही स्थिरचित्रं दाखवून आठवण जागी केली आणि टेट्रिस दिलं. नकोशी दृश्यं कमी झाली. नुसती चित्रं दाखवून किंवा नुसतं टेट्रिस देऊन झाली नाहीत. वर काढलेली आठवण काही काळ पुन्हा ओली होते, आणि तेवढ्यात तिच्यावर दुसरंही काही उमटू शकतं.

हा लेख लिहायला घेतला म्हणून परवा 'सैराट'चा शेवट पुन्हा लावला. मोबाइलवर, दुपारी, खिडकी उघडी ठेवून. ते मूल येतं, बघतं, त्याचं तोंड रडण्यासाठी उघडतं. मी आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. तिथे आवाजच नाही. नागराज मंजुळेंनी तो काढून घेतलाय. पार्श्वसंगीत नाही, निवेदन नाही, रडणंही नाही.

ते मला इतकी वर्षं ऐकू येतंय.