सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

जळगावच्या दाणाबाजारापासून रावेरच्या केळी व्यापाऱ्यांपर्यंत एक समज पक्का आहे: हिशोबाचं फोल्डर गुगल ड्राइव्हशी सिंक केलं, म्हणजे इथला प्रत्येक बदल तिथेही आपोआप होईल असं जोडलं, की बॅकअप (सुरक्षित जादा प्रत) झाला. तसं नाही. संगणकावरची फाइल पुसली की तिकडचीही जाते. ट्रॅशमध्ये ती 30 दिवसच राहते. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, फाइली कुलूपबंद केल्या तर त्याच बिघडलेल्या फाइली ड्राइव्हवर चढतात. कायम जोडून ठेवलेली हार्डडिस्कही त्यातून सुटत नाही. जीएसटीचे हिशोब तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात!

म्हणून 3 प्रती, 2 वेगळ्या साधनांवर, 1 दुकानाबाहेर. संध्याकाळी कॉपी झाली की डिस्क काढून घरी न्या. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून, म्हणजे परत उतरवून, उधारीचं खातं उघडतं का, ते बघाच.