हौशी रॉकेटवर माणूस बसवायचा तर

अंतराळाची सीमा मानली जाणारी शंभर किलोमीटरची उंची हौशी मंडळींच्या आवाक्याबाहेर राहिलेली नाही. १७ मे २००४ रोजी 'सिव्हिलियन स्पेस एक्सप्लोरेशन टीम' या अमेरिकी गटाचे 'गोफास्ट' रॉकेट नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटातून उडाले आणि ११६ किलोमीटरवर पोचले. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे 'ट्रॅव्हलर ४' एप्रिल २०१९ मध्ये १०३ किलोमीटरच्या वर गेले, आणि त्यांच्याच 'आफ्टरशॉक २' ने ऑक्टोबर २०२४ मध्ये १४३ किलोमीटर गाठले. ही तिन्ही रॉकेटे घन इंधनाची होती. घन इंधन एकदा पेटले की विझवता येत नाही, थोड्याच सेकंदांत सगळे जळून जाते आणि तेवढ्यात बसणारा झटका यंत्रांना चालतो, माणसाला नाही.

'कोपनहेगन सबऑर्बिटल्स' या डॅनिश गटाने २००८ पासून नेमका हाच अवघड भाग अंगावर घेतला आहे. आपल्यातलाच एक जण कुपीत (रॉकेटच्या टोकावरच्या कॅप्सूलमध्ये) बसवून शंभर किलोमीटरच्या वर न्यायचा आणि धडधाकट परत आणायचा. पन्नासेक स्वयंसेवक, पगार कुणालाच नाही, पैसा देणग्यांतून, जागा कोपनहेगनच्या जुन्या जहाजबांधणी कारखान्याच्या आवारात. दोन्ही संस्थापक २०१४ मध्ये बाहेर पडले तरी काम थांबले नाही. त्यांच्या नियोजित रॉकेटचे नाव स्पिका. उंची तेरा मीटरच्या आसपास, व्यास मीटरभराहून जरा कमी, इंधनासह वजन चारेक टन आणि तळाशी १०० किलोन्यूटन रेट्याचे एकच इंजिन. पुढची आकडेमोड याच मापांवर केलेली ढोबळ आकडेमोड आहे. गटाचे अधिकृत आकडे म्हणून ती वाचू नये.

उपकक्षीय उड्डाणात सरळ वर जायचे आणि खाली यायचे. इंजिन ३० किलोमीटर उंचीवर बंद झाले असे धरले, तर तिथून १०५ किलोमीटरपर्यंत नुसत्या वेगावर चढायला सेकंदाला सुमारे १,२०० मीटर वेग हवा. पृथ्वीभोवती फिरत राहायला ७,८०० मीटर लागतो. वेगातला हा साडेसहापट फरक ऊर्जेत चाळीसपट होतो. पन्नास माणसांच्या गटाला या प्रकल्पाचा विचार तरी करता येतो, तो या एका गुणोत्तरामुळे.

गुरुत्व आणि हवेचा विरोध यांत वाया जाणारा वाटा धरला तर एकूण लागणारा वेग सेकंदाला २,००० मीटरच्या घरात जातो. अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजन जाळणाऱ्या साध्या इंजिनातून वायू सेकंदाला साधारण २,३०० मीटर वेगाने बाहेर पडतात. हे दोन आकडे रॉकेटच्या समीकरणात घातले की चार टनांतले सुमारे २.३ टन इंधन आणि ऑक्सिजन असायला हवेत असे निघते. इंजिन सेकंदाला ४३ किलो गिळणार आणि ५४ सेकंदांत टाक्या रिकाम्या होणार.

केरोसीन वजनामागे जास्त ऊर्जा देते, पण या गटाने इथेनॉल निवडले, तेही जवळजवळ पाव हिस्सा पाणी असलेले. पहिले अमेरिकी अंतराळवीर ॲलन शेपर्ड यांना ५ मे १९६१ रोजी १८७ किलोमीटर उंचीवर नेणारे रेडस्टोन रॉकेट हेच मिश्रण जाळत होते, आणि त्याआधी दुसऱ्या महायुद्धातले जर्मन व्ही-२ रॉकेटसुद्धा. पाण्यामुळे ज्वालेचे तापमान उतरते. शिवाय ज्वलनकक्षाच्या दुहेरी भिंतीमधून हेच इंधन आधी फिरवून भिंत थंड ठेवता येते. केरोसीन अशा तापलेल्या फटीतून गेले की त्याची काजळी आत चिकटते. इथेनॉल हा त्रास देत नाही. थोडी कार्यक्षमता सोडून भिंत न वितळण्याची खात्री घेतली आहे, आणि हा सौदा मला अगदी योग्य वाटतो.

खरी डोकेदुखी त्वरणाची आहे. उड्डाणाच्या क्षणी १०० किलोन्यूटन रेटा चार टनांना ढकलतो, म्हणजे आतल्या माणसाला स्वतःचे वजन अडीचपट वाटते (याला २.५ जी म्हणतात). शेवटच्या सेकंदाला रॉकेट १.७ टनांचे उरलेले असते आणि रेटा तेवढाच असेल, तर हाच आकडा ६ जीपर्यंत जातो. म्हणून शेवटी इंजिन मंदावता आले पाहिजे. मंदावताना इंधन आत फवारणाऱ्या छिद्रांवरचा दाब घसरतो. फवारणीच्या ताटलीच्या दोन बाजूंना ज्वलनकक्षातल्या दाबाच्या निदान १५-२० टक्के फरक राहिला नाही, तर कक्षातला दाब इंधनाला मागे रेटतो, प्रवाह हेलकावे खाऊ लागतो आणि सगळे रॉकेट थरथरते. आरामासाठी इंजिन मंद करायला जावे आणि त्यातून नवा धोका ओढवावा, असे इथे पावलोपावली होते.

इंधन कक्षात ढकलायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे टाक्याच दाबाखाली ठेवायच्या. कक्षात १५ बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) दाब हवा असेल तर टाकीत २० बार तरी पाहिजे. ९५ सेंटिमीटर व्यासाच्या पोलादी टाकीत, धातूवर २०० मेगापास्कल ताण चालेल असे धरले, तर भिंत पावणेपाच मिलिमीटर जाड होते आणि मीटरभर लांबीला ११३ किलो पोलाद लागते. दोन्ही टाक्यांचा सरळ भाग मिळून सव्वातीन मीटर. टोकांचे घुमट न धरताच पावणेचारशे किलो झाले! दुसरा मार्ग पंपाचा. त्यात टाकीत तीनेक बार दाब पुरतो आणि भिंत हिशेबाने मिलिमीटरच्याही आत येते (मग वेल्डिंग करतानाच ती पोळून वाकते, हा भाग निराळा). पण पंपाला पावणेदोनशे किलोवॉट शक्ती हवी. गंमत अशी की ५४ सेकंदांत लागणारी एकूण ऊर्जा जेमतेम अडीच युनिट विजेइतकी आहे. अडचण ती इतक्या झपाट्याने बाहेर काढण्याची, आणि पंपाचा अर्धा भाग द्रवरूप ऑक्सिजनमुळे उणे १८३ अंशांवर असताना त्याच्या बेअरिंगांनी फिरत राहण्याची.

द्रवरूप ऑक्सिजनने या गटाला बरेच काही शिकवले. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांचे पहिले मोठे रॉकेट 'हीट-१एक्स' समुद्रात उड्डाणाला उभे होते. ऑक्सिजनची झडप गोठू नये म्हणून तिला ऊब द्यायला साधा केस वाळवायचा ड्रायर लावला होता. वाट पाहण्यात त्याची बॅटरी संपली, झडप गोठली आणि उड्डाण बारगळले. ३ जून २०११ रोजी तेच रॉकेट उडाले, पण कलले. एकविसाव्या सेकंदाला रेडिओ संदेशाने इंजिन बंद करावे लागले आणि उंची २.८ किलोमीटरच मिळाली. पुढे जुलै २०१६ मध्ये 'नेक्सो-१' दीड किलोमीटरवरून परतले. ऑक्सिजन पुरेसा थंड राहिला नव्हता, नळ्यांतच उकळून त्याचा वायू झाला आणि इंजिनाला द्रवाऐवजी फेस मिळाला.

हा दोष बाहेरून दिसत नाही. टाकी भरलेली, दाब ठीक, झडप उघडी, पण बुडबुड्यांनी भरलेल्या द्रवाची घनता इतकी घसरते की सेकंदाला २४ किलोऐवजी त्याचा काही अंशच छिद्रांतून पार होतो. उपाय असा: ऑक्सिजन उत्कलनबिंदूच्या बराच खाली थंड करून भरायचा, दाब शेवटच्या मिनिटांत द्यायचा आणि उलटी मोजणी रेंगाळली तर पुन्हा थंड करायचा. 'नेक्सो-२' मध्ये याला आणखी एका सुधारणेची जोड मिळाली. वेगळ्या टाकीतला उच्च दाबाचा हेलियम झडपेतून सोडत राहून इंधनाच्या टाक्यांचा दाब उड्डाणभर स्थिर ठेवला. ४ ऑगस्ट २०१८ रोजी ते साडेसहा किलोमीटर चढले आणि पॅराशूटने परत आले.

ऑक्सिजनच्या नळ्या जोडताना पाळायच्या गोष्टी कंटाळवाण्या, पण जिवाच्या आहेत. आत बोटाचा तेलकट ठसासुद्धा राहता कामा नये, कारण द्रवरूप ऑक्सिजनमध्ये ग्रीस धक्क्यानेही पेटते. दोन बंद झडपांमध्ये द्रव अडकू शकेल अशा प्रत्येक तुकड्यावर दाब सोडणारी वेगळी झडप हवी. अडकलेला द्रव तापून वायू होताना साडेआठशेपट फुगतो आणि नळी फुटतेच.

पेटवण्याचा क्रमही असाच काटेकोर. कक्षात आधी फटाक्याच्या दारूची कांडी पेटवायची, ती खरोखर जळते आहे हे वितळून तुटणाऱ्या बारीक तारेने कळले की मगच झडपा थोड्या उघडायच्या, आणि दाब चढला की पूर्ण. उलटे झाले तर अर्ध्या सेकंदात वीसेक किलो मिश्रण न जळता साचते आणि एकदम पेटते. मग ते इंजिन राहत नाही, बॉम्ब होतो.

सरळ जाण्याचा प्रश्न कोनात मोजावा. इंजिन बंद होताना रॉकेट एक अंश कलले असेल तर आडवा वेग सेकंदाला २१ मीटर पडतो आणि कुपी पाचेक किलोमीटर दूर उतरते. पाच अंशांना पंचवीस किलोमीटर, म्हणजे राखून ठेवलेल्या समुद्रक्षेत्राच्या बाहेर जायची भीती. पंखांची शेपटी इथे अपुरी पडते, कारण रॉकेट सावकाश उठते आणि सुरुवातीला हवेला जोर नसतो. म्हणून इंजिनाच्या झोतातच चार लहान पाती ठेवून ती संगणकाने वळवायची. २३ जून २०१३ रोजी गटाचे 'सफायर' रॉकेट ८.२ किलोमीटर उडाले, तेव्हा हे तंत्र त्यांच्या हाती आले. पाती झोतात झिजतात, पण मिनिटभर टिकली की काम झाले.

माणूस कसा बसवायचा यावर रॉकेटचा व्यास ठरतो. 'हीट-१एक्स' ६४ सेंटिमीटर रुंद होते, त्यात प्रवासी जवळजवळ उभाच राहिला असता. उभ्या शरीरावर ४-५ जी आले की रक्त पायांत उतरते, आधी नजर काळवंडते, मग शुद्ध हरपते. तेच बळ छातीतून पाठीकडे आले तर निरोगी माणूस काही सेकंद दहाही सोसतो. परतताना शेपर्ड यांनी सुमारे ११ जी सोसले ते असेच पाठ टेकून. पाठीवर पडून गुडघे दुमडायला जागा हवी, म्हणून स्पिका एवढे रुंद झाले. रुंदी दीडपट झाली की हवेला सामोरे जाणारे क्षेत्रफळ सव्वादोनपट होते.

श्वासाचा हिशेब अनेकांचा चुकतो. उड्डाण पंधराएक मिनिटांचे, त्यात वजनरहित अवस्था साडेतीन मिनिटांची, मग हवेची काळजी कशाला, असे वाटते. पण दार बंद होते ते उड्डाणाच्या बरेच आधी. कुपीत अर्धा घनमीटर हवा धरली आणि माणूस मिनिटाला पाव ते अर्धा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो असे मानले, तर दहा-वीस मिनिटांत त्याचे प्रमाण एक टक्का होते आणि तासाभरात तीन. तीन-चार टक्क्यांना डोके ठणकते आणि निर्णय चुकू लागतात. ऑक्सिजन तोवर पुरेसा असतो! कार्बन डायऑक्साइड शोषणारे अर्धा किलो लिथियम हायड्रॉक्साइड आणि एक छोटा पंखा एवढ्यावर हा प्रश्न सुटतो, फक्त त्याची पूड श्वासात जाता कामा नये, ती घसा जाळते. गळतीचे गणित त्या मानाने सौम्य आहे. एक चौरस मिलिमीटरचे भोक पडले तरी निर्वातात चार मिनिटांत हवा दहा टक्क्यांच्या आतच कमी होते.

परतीची उष्णता कक्षेतून येणाऱ्या यानाइतकी भयंकर नसते. सेकंदाला ११०० मीटर वेगाला अडलेली हवा साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापते, तीही थोडा वेळ. पातळ पोलाद ते सोसते. अवघड आहे ते कुपी गरगरू न देणे. त्यासाठी आधी बॅल्यूट उघडतो. हा फुग्यासारखा कापडी शंकू हवेच्या झोताने स्वतःच फुगतो आणि साधे पॅराशूट फाडून टाकणाऱ्या वेगात टिकतो. मग खाली मोठे पॅराशूट. तीनशे किलोची कुपी सेकंदाला आठ मीटरने पाण्यावर टेकवायची तर जवळजवळ ९६ चौरस मीटर कापड लागते, म्हणजे अकरा मीटर व्यासाचे छत्र.

तळावरच आग लागली तर कुपी उचलून दूर नेणारी यंत्रणा ऑगस्ट २०१२ मध्ये समुद्रावर तपासली गेली. कुपी निघाली, पण पॅराशूट पूर्ण उघडायला लागते तेवढी उंची मिळाली नाही आणि ती पाण्यावर आपटली.

उड्डाणे बॉर्नहोम बेटाजवळ, बाल्टिक समुद्रातल्या लष्करी गोळीबाराच्या क्षेत्रात, तरंगत्या मंचावरून होतात. लाटा कमी असतील असे दिवस उन्हाळ्यातच मिळतात. वर्षाला फार तर एखाद-दुसरी संधी, आणि हौशी गटाची सर्वात मोठी टंचाई माझ्या मते हीच आहे, पैशाची नव्हे. एखादी गोष्ट दहात एकापेक्षा कमी वेळा फसते असे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे तर ती सलग तीसेक वेळा यशस्वी व्हावी लागते. पूर्ण रॉकेट तीसदा उडवणे यांना कधीच जमणार नाही.

त्यामुळे विश्वास तुकड्यातुकड्याने कमवावा लागतो. झडपा थंड नायट्रोजनमध्ये शेकडो वेळा उघडमीट करून पाहता येतात. इंजिन जमिनीवर आडवे बांधून पूर्ण वेळ जाळता येते. पॅराशूट वजन लावून विमानातून टाकता येते, कुपी दोरीने पाण्यावर आपटून आत बसणारे धक्के मोजता येतात. विरळ हवेत, ध्वनीच्या तिप्पट वेगात बॅल्यूट उघडतो की नाही, हे मात्र जमिनीवर कळत नाही. त्यासाठी आधी माणसाच्या वजनाचा पुतळा पाठवायचा. त्याच्या छातीत तीन दिशांचे त्वरणमापक बसवायचे आणि परत आल्यावर आधी डोक्यापासून पायांकडच्या दिशेचा आलेख उघडायचा. छातीच्या दिशेला सहा-सात जी दिसले तर चालतील. डोक्यापासून पायांकडे चारपेक्षा जास्त दिसले, तर कुपी बॅल्यूटखाली आडवी झाली होती असे समजून पुढचे उड्डाणही पुतळ्याचेच करायचे.